टोचल्याची खूण

माझ्या वडिलांना सुईची भीती वाटते. हे आधीच सांगून टाकते, कारण माझं शिक्षण, माझी नोकरी, कपाटात इस्त्री करून ठेवलेला गणवेश, हे सगळं त्या एका भीतीतून निघालं आहे. माणूस तसा धिप्पाड. वडूजच्या पुढं आमच्या माळावर लांडगा मेंढरात शिरला, तर नुसती काठी घेऊन त्याच्या अंगावर जाणारा. पण सिरिंज दिसली की आप्पांचं तोंड आपोआप दुसरीकडं वळतं आणि त्यांना अचानक आभाळात काहीतरी महत्त्वाचं दिसायला लागतं.

आम्ही धनगर. पावसाळ्याच्या तोंडावर सगळ्या मेंढरांना आंत्रविषाराची लस टोचावी लागते, नाहीतर रात्रीत चांगली जनावरं आडवी होतात. आधी जनावरांच्या दवाखान्यातले कंपाउंडर येऊन टोचून जायचे. मी सातवीत असताना एका वर्षी त्यांना चार गावं एकाच दिवशी आली. त्यांनी बर्फाच्या डब्यातली बाटली आप्पांपुढं धरली आणि म्हणाले, "दोन टोचून दाखवतो, बाकीची तुमी उरका." आप्पांनी आभाळाकडं बघितलं. आईनं पदर तोंडाला लावला, ती हसत होती. मग कंपाउंडरांनी इकडंतिकडं बघून बाटली माझ्या हातात दिली.

तेव्हापासून आमच्या घरात कामाची वाटणी ठरून गेली. आप्पा मेंढरू दोन गुडघ्यांत धरायचे, हनुवटी वर करायचे, स्वतःचं तोंड फिरवायचे आणि म्हणायचे, "टोच." मी खांद्यामागची कातडी चिमटीत वर उचलून सुई घालायची. आई शेजारी कावेची, म्हणजे कालवलेल्या तांबड्या मातीची, वाटी घेऊन बसलेली असायची. टोचून झालं की ती पाठीवर बोटानं तांबडा ठिपका द्यायची आणि मेंढरू सोडून द्यायची. ठिपका आहे त्याचं झालं, ठिपका नाही ते राहिलं. एवढीच आमची वही.

मोजायचं मात्र नाही. आमच्यात मेंढरं मोजत नाहीत, मोजली की कमी होतात म्हणतात. संध्याकाळी आप्पा कळपावरून एक नजर फिरवतात आणि सांगतात, "ती कानफाटी आली न्हाई." मला हे लहानपणी काही विशेष वाटायचं नाही. मलाही दिसायचंच की कोण आली नाही ते.

बारावी झाल्यावर पुढं काय, हा प्रश्न आला. आमच्या घरात बारावीपर्यंत पोचलेली मीच पहिली, त्यामुळं सल्ला द्यायला सगळेच मोकळे होते. चुलते म्हणाले, आता लग्न. शाळेतल्या बाई म्हणाल्या, डीएड. वडूजच्या कॉलेजात एक गृहस्थ लॅपटॉप घेऊन करिअरवर बोलायला आले होते. त्यांनी पडद्यावर इतकी नावं दाखवली की माझे डोळे फिरले. तोवर मला वाटायचं, दवाखान्यात दोनच माणसं असतात, एक डॉक्टर आणि एक नर्स. निघालं भलतंच. रक्त तपासणारे वेगळे, एक्स-रे काढणारे वेगळे, व्यायाम करवून घेणारे वेगळे, मूत्रपिंडाचं यंत्र चालवणारे वेगळे. मी सगळी नावं वहीत उतरवून घेतली आणि ठरवलं, बघितल्याशिवाय काही निवडायचं नाही. बाजारात कोकरूसुद्धा आपण तोंड उघडून, दात बघून घेतो.

उंब्रजला माझे मामा एका औषधाच्या दुकानात कामाला होते. मे महिन्यात मी तिकडं जाऊन राहिले. पंधरा दिवस त्यांच्या दुकानात बसले. डॉक्टरांचं अक्षर वाचता येणं ही देवाची देणगी असते आणि ती मामांना होती. दुकान मला आवडलं, पण तिथं चिठ्ठी यायची, आजारी माणूस यायचाच नाही. चिठ्ठी घेऊन कुणाचा तरी भाचा यायचा. पुढचे चार दिवस मामांच्या ओळखीनं एका लॅबमध्ये बसले. तिथं तर माणूस बाटलीत यायचा. लॅबमधली ताई फार हुशार होती, सूक्ष्मदर्शकात डोळा लावून ती शांतपणे सांगायची, ह्याला हिवताप, हिचं रक्त कमी. मी विचारलं, "ताई, हे लोक दिसायला कसे असतात?" ती म्हणाली, "काय माहीत." एक्स-रेवाल्यांकडं एक दिवस काढला. त्यांना हाडं दिसायची.

रात्री मामींसोबत भाकरी थापताना मी म्हणाले, "मामी, मला तोंड दिसलं पायजे."

"कुणाचं?"

"आजारी माणसाचं. तोंड बघितल्याबिगर मला काय कळत न्हाई."

मामी म्हणाल्या, "मग नर्स हो की. त्यांला दिसरात तोंडच बघाय लागतंय."

आप्पांना फोन केला. चुलत्यांचा आवाज मागून येत होता, पोरीनं परक्यांची घाण उपसायची काय, वगैरे. मग आप्पा म्हणाले, "ती सातवीपास्नं टोचत्या. मेंढरं तरी आपली हायती व्हय सगळी? शेजाऱ्याची बी टोचली न्हाईत का तिनं?" त्यांचा युक्तिवाद मला अजूनही नीट कळलेला नाही, पण चुलते गप्प झाले.

सांगलीच्या एका नर्सिंग कॉलेजात मुलाखत होती. समोर तीन मॅडम. मधल्या मॅडम, ज्या पुढं आमच्या ट्यूटर झाल्या, चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "इंजेक्शन, रक्त बघून चक्कर येत नाही ना?"

मला काय झालं कुणास ठाऊक. मी म्हणाले, "मॅडम, मी हजारभर इंजेक्शनं दिलीत."

तिन्ही मॅडमनी माना वर केल्या. "कुणाला?"

"मेंढरांना."

त्या हसल्या ते आधी एकेकट्या आणि मग तिघी मिळून. प्रवेश मिळाला, पण माझी हजार इंजेक्शनं माझ्या आधी होस्टेलला पोचली होती. मी ट्रंक घेऊन खोलीत शिरले तर एक मुलगी पलंगावर बसून म्हणाली, "आली गं हजारवाली." ती पलूसकडची. उसाचं रान, घरासमोर ट्रॅक्टर, दोन भाऊ फौजेत. रक्त बघितलं की तिला घाम फुटायचा, हे तिनं पहिल्याच रात्री कबूल केलं आणि आमची मैत्री झाली. मी तिला धीर द्यायचे. मोठ्या तोऱ्यात द्यायचे.

पहिले काही महिने माझं राज्य होतं. रबराच्या हातावर इंजेक्शन शिकवायचे. सिरिंज कशी धरायची, हवा कशी काढायची, हे मला सांगावंच लागलं नाही. फक्त एकच खोड. दंडाला सुई देताना माझी चिमूट आपोआप कातडी वर उचलायची. मॅडम काठीनं टेबल वाजवायच्या. "उचलायची नाही. ताणायची. इथं लोकर नाही." वर्ग हसायचा, मीही हसायचे. मला त्या दिवसांत फार मजा येत होती. सकाळी गणवेश घालून वॉर्डात शिरलं की औषधांचा, फिनेलचा, कुणाच्या तरी घरून आलेल्या डब्याचा असा एक एकत्र वास यायचा आणि मला वाटायचं, मी बरोबर जागी आले.

मग एक दिवस वॉर्डात मॅडमनी भरलेली सिरिंज माझ्या हातात दिली. पलंगावर जतकडची एक म्हातारी होती. तिनं निमूटपणे दंड पुढं केला, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि विचारलं, "बाई, तुजी पयलीच येळ हाय का?"

हजार मेंढरांतल्या एकानंही मला कधी काही विचारलं नव्हतं.

माझा हात जो थांबला तो थांबला. सुई दंडापासून चार बोटांवर. बोटं हलेनात. मॅडमनी क्षणभर वाट बघितली, माझ्या हातातून सिरिंज काढून घेतली आणि टोचून मोकळ्या झाल्या. म्हातारीच मला म्हणाली, "आसू दे गं."

त्याच आठवड्यात माझ्या घामट मैत्रिणीनं पहिलं इंजेक्शन दिलं. दिल्यावर स्वतःच पाणी पिऊन आली, पण दिलं. वर्गातल्या एकेकीच्या वहीत सह्या पडायला लागल्या. आमची एक प्रात्यक्षिकाची वही असते, कोणतं काम कुठल्या रुग्णावर केलं ते लिहायचं आणि मॅडमची सही घ्यायची. इंजेक्शनचं पान माझ्या एकटीच्या वहीत कोरं राहिलं. मी युक्त्या काढल्या. इंजेक्शनची वेळ आली की मी बेडपॅन धुवायला जायचे. इतक्या आनंदानं बेडपॅन धुणारी मुलगी त्या वॉर्डानं पूर्वी बघितली नसेल.

मैत्रीण म्हणायची, "आमचा दादा म्हणतो, फौजेत हुकूम आला की हात आपसूक चालतो, इचार कराय टाइमच नसतो. तुला हुकूम सोडाय पायजे कुणीतरी." तिनं तो प्रयोगही केला. वॉर्डात माझ्या मागं उभी राहून कानात "फायर" म्हणाली. मी दचकून ट्रे पाडला.

आप्पांचा रविवारी फोन यायचा. त्यांनी सगळ्या नातेवाइकांत सांगून ठेवलं होतं की पोरगी इंजेक्शनच्या कॉलेजात आहे. पहिला प्रश्न ठरलेला. "किती टोचली?"

मी म्हणायचे, "लय."

खोटं बोलून फोन ठेवल्यावर मला जेवण जायचं नाही. घरात कुणी मला कधी खोटं बोलायला लावलं नव्हतं, आणि हे तर मी आपण होऊन बोलत होते.

दिवाळीनंतर आमचं ग्रामीण पोस्टिंग पलूस तालुक्यातल्या एका उपकेंद्रात लागलं. जायच्या आदल्या दिवशी मॅडमनी मला बोलावलं. माझी वही त्यांच्या टेबलावर उघडी होती. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट वाटलं. म्हणाल्या, "हे पोस्टिंग संपेपर्यंत ह्या पानावर एक तरी ओळ हवी. नाहीतर परीक्षेला बसता येणार नाही. आणि मग तूही विचार कर, हे काम तुझं आहे का." मी "हो मॅडम" म्हणाले. खोलीत येऊन खूप रडले. मला दुसरं कुठलंच काम नको होतं.

उपकेंद्रात पहिल्या आठवड्यात शाळेतलं लसीकरण आलं. पाचवीला आणि दहावीला धनुर्वात-घटसर्पाची लस. तिथल्या नर्सबाई आणि माझी मैत्रीण टोचणार, मॅडम देखरेख करणार आणि मी रजिस्टर घेऊन रांग सांभाळणार. रजिस्टर हातात पडल्यावर माझा जीव भांड्यात पडला.

सुरुवात झकास झाली. पाचवीतली एक मुलगी मात्र नर्सबाईंना हात लावू देईना, पाय झाडायला लागली. मी रजिस्टर खाली ठेवलं आणि कुणाला काही कळायच्या आत तिला दोन गुडघ्यांत धरून हनुवटी वर केली. मुलगी आश्चर्यानं गप्प झाली. नर्सबाईंनी टोचून घेतलं. मॅडमचा आवाज आला, "ते मेंढरू आहे का?"

"नाही मॅडम."

"मग गुडघे सोड."

मुलगी सुटली, दोन पावलं गेली आणि परत येऊन मला म्हणाली, "मॅडम, आजून एकदा धरा की."

तर हे झालं. पण खरा घोळ पुढंच होता. नाव शोधा, खूण करा, नाव शोधा, खूण करा, ह्यात रांग तुंबायला लागली. एकाच आडनावाची सात-सात पोरं. मग माझ्या डोक्यात घरची पद्धत आली. गुरुजींच्या टेबलावर लाल पेन होतं. टोचून झालेल्या पोराच्या डाव्या हातावर मी एक ठिपका द्यायला लागले आणि पुढं सोडायला लागले. रजिस्टर म्हटलं नंतर भरू, ठिपके बघून. रांग अशी सरसर पळायला लागली की मॅडमनी लांबून मान डोलावली. मी आईच्या आठवणीनं मनात हसले.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. निम्मी पोरं झाली होती, निम्मी राहिली होती. सगळीच मैदानात पळाली.

सुट्टी संपल्यावर मी म्हणाले, "ठिपका नसलेल्यांनी पुढं या."

कुणीच आलं नाही.

सगळ्या पाचवीच्या हातावर लाल ठिपका होता. सगळ्या दहावीच्या हातावर होता. सहावी-सातवीच्याही हातावर होता, ज्यांचा त्या इंजेक्शनशी काडीचा संबंध नव्हता. सुट्टीत शाळेतली यच्चयावत लाल पेनं बाहेर निघाली होती. पोरांना वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. मेंढरं असं करत नाहीत. मेंढरांकडं पेन नसतं हे मी विसरले होते.

मॅडमनी रजिस्टर मागितलं. अर्ध्या पानानंतर ते कोरं होतं. त्यांनी ते मिटलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "आता कुणाला टोचलंय आणि कुणाला नाही, हे कसं कळणार?"

नर्सबाईंनी कपाळाला हात लावला. मी मैदानाकडं बघितलं. पोरं ओळीनं उभी होती, सगळी साळसूद, हात पुढं केलेले. आणि मला एकदम हलकं वाटलं, कारण तो एक कळपच होता. मी म्हणाले, "मॅडम, ह्यांना झेंड्याच्या खांबापर्यंत चालायला सांगू का?"

त्यांना काय वाटलं देव जाणे, पण त्यांनी हो म्हटलं. पोरं चालत गेली, चालत आली. टोचलेलं जनावर चालताना कळतं, टोचलेलं पोरही कळतं. ज्यांचा दंड दुखत होता त्यांचा डावा हात अंगाला चिकटून होता. बाकीची मजेत दोन्ही हात हलवत होती. शिवाय तोंडं मी बघितली होतीच, कुणी ओठ चावला होता, कुणी आईला हाक मारली होती. मी रांगेतून एकेकाला बाजूला काढत गेले. "ही राहिली. हा राहिला. ही झाली, हिनं डोळे मिटले होते." मॅडमनी प्रत्येकाची बाही वर करून सुईचा डाग आहे का ते स्वतः बघितलं. एकच चुकला. दहावीतला एक पोरगा, टोचूनही पैलवानासारखा हात फिरवत चालला होता.

काम संपल्यावर मॅडमनी मला चांगलं अर्धा तास झापलं. रजिस्टर म्हणजे काय, नोंद म्हणजे काय, माणसाच्या अंगावर खुणा करायला आपण काय गोठ्यात आहोत काय. सगळं बरोबर होतं. मी कानाला खडा लावला, तो आजतागायत आहे. आजही नोंद झाल्याशिवाय मी पुढचा रुग्ण घेत नाही. शेवटी त्यांनी श्वास घेतला आणि म्हणाल्या, "इतकी नजर आहे तुझ्याकडं. मग हात का थांबतो गं?"

मला उत्तर माहीत असतं तर मी बेडपॅन धुवत बसले नसते.

पोस्टिंगचे शेवटचे दोन दिवस राहिले. वहीचं पान कोरंच होतं. त्या दिवशी सकाळी आईचा फोन आला. आमची मेंढरं दरवर्षी दिवाळीनंतर कृष्णाकाठाला उतरतात, तोडलेल्या उसाच्या रानात खतासाठी बसवायला. त्या वर्षी तळ उपकेंद्रापासून तासाच्या वाटेवर पडला होता. आई म्हणाली, "वाघर लावताना गंजकी तार लागली तुज्या बाच्या हाताला. उजवा तळवा फाटलाय. हळद भरल्या. टोचून घ्या म्हनलं तर न्हाई म्हंत्यात."

वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. गंजकी तार म्हणजे धनुर्वाताची भीती. एवढं तर मी शिकले होते.

"फोन दे त्यांच्याकडं," मी म्हणाले. आप्पांनी फोन घेतला. "आवं आप्पा, गाडीवर बसा आणि इकडं या."

"बरं वाटतंय मला."

"आप्पा."

"हळद लावल्या की."

"मेंढरू आसतं तर हळदीवर सोडलं असतं का तुमी?"

मग आवाज आला, "कोन टोचणार?"

"नर्सबाई हायत्या हितं. हात लय हलका हाय त्यांचा."

"म्या परक्याकडनं टोचून घेणार न्हाई," आप्पा म्हणाले. "तू टोचणार आसशील तर येतो."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

चुलतभावाच्या गाडीवर मागं बसून ते आले. डोक्याला तांबडा पटका, खांद्यावर घोंगडं, उजव्या हाताला फडकं. उपकेंद्राच्या पायऱ्या ते लांडग्याच्या वासावर चढावं तसे सावध चढले. नर्सबाईंनी जखम धुऊन पट्टी बांधली, त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही, उलट पट्टीचं कौतुक केलं. मग मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी लस भरली. हवा काढली. हात धुतले होते ते पुन्हा धुतले. मैत्रीण दारात उभी होती, तिला माझ्यापेक्षा जास्त घाम आला होता.

आप्पा स्टुलावर बसले होते. डावी बाही वर. त्यांचा दंड केवढा आहे, हे मी पहिल्यांदाच नीट बघितलं. ते माझ्याकडं बघत होते, अगदी सरळ, आणि माझी बोटं पुन्हा तशीच घट्ट व्हायला लागली. मला राहवेना. मी खाली वाकून हळूच म्हणाले, "आप्पा, मी खोटं बोलले. आजून माणसाला एकदा बी टोचलेलं न्हाई मी."

त्यांनी एकदा दाराकडं बघितलं. मग तितक्याच हळू म्हणाले, "मी बी आजून एकदा बी टोचून घेतल्यालं न्हाई."

मागं मॅडम खोकल्या. हसू दाबत होत्या की काय, मी वळून बघितलं नाही.

आणि मग आप्पांनी तेच केलं जे ते माझ्या सातवीपासून करत आले होते. त्यांनी तोंड फिरवलं. खिडकीतून आभाळ दिसत होतं तिकडं बघितलं, दोन गुडघे घट्ट जुळवले, जणू त्यांत एक मेंढरू धरलंय, आणि म्हणाले, "टोच."

माझा हात चालला. मी विचार केलाच नाही. कातडी ताणली, उचलली नाही, सुई सरळ आत गेली, औषध गेलं, सुई बाहेर आली, कापूस दाबला. हे सगळं होऊन गेल्यावर मला कळलं की झालं. आप्पा अजून आभाळाकडंच बघत होते.

"आप्पा, झालं."

"कवा?"

"आत्ता."

त्यांनी दंडाकडं बघितलं. कापसाकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं आणि त्यांच्या मिशा थरथरल्या. मी आप्पांना रडताना कधी बघितलं नव्हतं आणि तेव्हाही ते रडले असं मी म्हणणार नाही. पण मी रडले, आणि हसले, आणि दारात माझी मैत्रीण चक्क टाळ्या वाजवत होती. इतका आनंद मला त्याआधी झाला नव्हता, खरं सांगायचं तर नंतरही फार वेळा झालेला नाही.

मॅडमनी माझी वही पुढं ओढली. मी रकाने भरले. रुग्णाचं नाव लिहायच्या जागी मी आप्पांचं नाव लिहिलं, आडनावासकट, सुवाच्य. मॅडमनी लाल पेनानं सही केली. मी आप्पांना म्हणाले, आता अर्धा तास बाकावर बसायचं, मग जायचं. ते उठले नाहीत. डावा हात तसाच पुढं करून बसून राहिले.

"काय झालं? दुखतंय का?"

"खूण कर की," आप्पा म्हणाले. "न्हाईतर परत कोनतरी टोचंल."

मी मॅडमकडं बघितलं. थोड्याच दिवसांपूर्वी ह्याच गोष्टीवरून त्यांनी माझी साल काढली होती. मॅडमनी चष्मा वर केला, हातातल्या लाल पेनाकडं बघितलं आणि ते माझ्यापुढं धरलं. "नोंद झाली आहे," त्या म्हणाल्या. "आता कर."

मी आप्पांच्या मनगटाच्या मागं एक लाल ठिपका दिला. चांगला ठसठशीत.

चार दिवसांनी होस्टेलवर आईचा फोन आला. मी विचारलं, जखम कशी आहे, ताप नाही ना. आई म्हणाली, "जखमंला काय झालंय? पर आता पंचाईत निराळीच हाय. उजव्या हाताला पट्टी म्हनून पाणी लावत न्हाईत, आन डाव्या हाताला पाणी लावलं की ठिपका जातोय म्हंत्यात. तळावर जो यील त्याच्याम्होरं हात करून दावत्यात, माज्या पोरीनं टोचलंय म्हून. आता ह्यांला घास म्या भरवायचा काय?"

मागून आप्पांचा आवाज आला. "इचार तिला, किती टोचली आतापतूर."

"एक," मी म्हणाले.